रंग पाहून उष्णता ओळखताना
(आमगाव येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या उजव्या तळहातावर एक जुना वण आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांसोबत नांगराचा फाळ पाजवायला लोहाराकडे गेलो होतो. फाळ भट्टीतून निघाला तेव्हा लालभडक होता. तेव्हा मी लांब उभा राहिलो, कारण लाल लोखंडाला हात लावायचा नाही एवढी अक्कल होती. घण मारून झाले, फाळ बाजूला टाकला आणि वडील पैशाचे बोलू लागले. बघता बघता फाळाची लाली गेली आणि तो काळा झाला. काळा झाला म्हणजे निवला, असे समजून मी तो उचलला. पुढचे सांगायला नको.

आज रंग आणि उष्णता या विषयावर बोलायचे ठरले तेव्हा पहिल्यांदा तो फाळ आठवला. आपण शेतकरी रंग पाहून पुष्कळ गोष्टी ठरवतो. धान कापायला आले का, आंबा पाडाला लागला का, मातीला वाफसा आला का. उष्णतेचेही तसेच. तापलेले लोखंड, भाजलेली वीट, पत्र्याची कोठी, पऱ्ह्यांवरचे प्लॅस्टिक या सगळ्यांचा रंग उष्णतेबद्दल काहीतरी सांगतो. मात्र प्रत्येक वेळी तो एकच गोष्ट सांगत नाही. कधी तो वस्तू आत्ता किती तापली आहे ते सांगतो, कधी ती पूर्वी किती तापली होती ते सांगतो, तर कधी उन्हात ठेवली तर किती तापेल एवढेच सांगतो. या तिन्हींची गल्लत झाली की हात भाजतो, विळा बिघडतो किंवा बियाणे उगवत नाही.

भट्टीतील लोखंडाचा रंग

प्रथम लोहाराच्या भट्टीकडे जाऊ. लोखंड तापू लागले की सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. ते काळेच असते. उकळते पाणी १०० अंशांवर असते हे लक्षात घ्या, म्हणजे काळे दिसणारे लोखंड उकळत्या पाण्याच्या चौपट-पाचपट अंशांवर असू शकते. ५०० च्या थोडे पुढे गेले की अंधारात अंधुक लाली दिसू लागते. ६०० ते ६५० ला गडद लाल, ७५० ते ८०० च्या सुमारास पिकल्या चेरीसारखा स्वच्छ लाल, ९०० च्या पुढे नारिंगी, ११०० च्या आसपास पिवळा आणि १३०० ला डोळे दिपवणारा पांढरा. हे आकडे अंदाजाचे आहेत, कारण पाहणाऱ्याची नजर आणि जागेचा उजेड यांप्रमाणे ते थोडे बदलतात. क्रम मात्र कधीच बदलत नाही.

हा रंग लोखंडाचा स्वतःचा नव्हे, तो उष्णतेचा आहे. १७९२ साली इंग्लंडमध्ये टॉमस वेजवुड याने दाखवून दिले की निरनिराळे पदार्थ तापवले तरी ते सारख्याच तापमानाला लाल होऊ लागतात. तो कुंभारकाम करणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातला होता, तेव्हा भट्टीत डोकावण्याची सवय त्याला घरूनच असणार. वीट असो, खापर असो की लोखंड, भट्टीच्या पोटात सगळे एकाच रंगाने उजळतात. याचे कारण असे की प्रत्येक गरम वस्तू किरण बाहेर टाकत असते. वस्तू कोमट असेल तर ते किरण डोळ्यांना न दिसणारे असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. चुलीसमोर बसल्यावर गालाला जी धग लागते ती बहुतेक त्यांचीच. तापमान वाढते तसे किरण जोरकस होतात, त्यांत आधी लाल प्रकाश मिसळतो, मग पिवळा, आणि शेवटी सर्व रंग मिळून पांढरा दिसतो. असे का होते याचे नेमके गणित १९०० साली जर्मनीच्या मॅक्स प्लांक यांनी मांडले आणि त्यातून पदार्थविज्ञानाची एक नवी शाखाच उभी राहिली. आपल्या लोहाराला गणित ठाऊक नाही, पण नजर त्याच्यापाशी आहे.

ही नजर कशासाठी लागते? विळ्याला पाणी देण्यासाठी. विळा, कुऱ्हाड, कोयता यांचे पोलाद विशिष्ट तापमानापर्यंत तापवून एकदम थंड केले तर कठीण होते आणि धार धरते. कमी तापवले तर पाणी चढतच नाही, पात मऊ राहते आणि दोन बांध्या कापल्या की विळा बोथट होतो. जास्त तापवले तर आतला कण मोठा होतो आणि पात काचेसारखी तुटते. तुमच्या घरी एखादा तुटलेला कोयता असेल तर त्याचे तुटलेले तोंड उन्हात धरून पाहा. साखरेच्या दाण्यांसारखे मोठे चमकणारे कण दिसले तर तो बहुधा भट्टीतच बिघडला होता. कण बारीक आणि राखी असतील तर पोलाद नीट तापवलेले होते, तुटण्याचे कारण दुसरीकडे शोधा.

आता अडचण अशी की स्वच्छ लाल रंग सावलीत एक दिसतो आणि उन्हात वेगळा. दुपारच्या उन्हात गडद लाल लोखंड चक्क काळे दिसते. मग काम करणारा आणखी भाता मारतो, रंग दिसेपर्यंत तापवतो, आणि तोवर पोलाद हवे त्यापेक्षा शंभर-दीडशे अंश पुढे गेलेले असते. म्हणून जुने लोहार भट्टी छपराखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात मांडत. ती गरिबीमुळे काळोखी असते असे पुष्कळांना वाटते, पण त्यांना त्या काळोखाची गरज असते. तुमच्या गावी कोणी उघड्यावर भट्टी लावून विळे करत असेल तर निदान पाणी देण्याचे काम सायंकाळी करायला सांगा.

ज्यांची नजर बसलेली नाही त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती आहे. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधील लोहचुंबक तारेला बांधून ठेवा. लोखंड सुमारे ७७० अंशांवर गेले की चुंबक त्याला चिकटत नाही. विळ्याची पात भट्टीतून काढून क्षणभर चुंबक लावून पाहावे. चिकटले तर पुन्हा भट्टीत, चिकटले नाही तर आणखी थोडीशी धग देऊन लगेच थंड करावे. चुंबक जास्त वेळ लावून ठेवू नका, तो स्वतः तापला तर त्याची शक्ती जाते. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून केलेल्या हत्यारांना पाण्यापेक्षा तेलात थंड करणे चांगले. ते पोलाद पाण्यात टाकल्यास तडकण्याचा धोका असतो.

निवलेल्या पातीवरचे रंग

पाणी दिलेली पात अति कठीण आणि ठिसूळ असते. तशीच वापरली तर धुऱ्यावरच्या एखाद्या दगडाला लागताच तिचा तुकडा उडतो. म्हणून ती घासून चकचकीत करतात आणि पुन्हा हळूहळू तापवतात. या वेळी मोठी गंमत दिसते. पात कुठेच लाल होत नाही, पण तिच्यावर रंग धावू लागतात. सुमारे २२० ते २३० अंशांना फिकट तणशीचा रंग येतो, २५० च्या आसपास गडद पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. विळ्या-कोयत्याला तपकिरी ते जांभळ्याच्या दरम्यान थांबवतात, कुऱ्हाडीला जांभळ्या-निळ्याकडे नेतात. कुऱ्हाडीला घाव सोसायचा असतो, विळ्याला धार राखायची असते.

हे रंग उजेडाचे नाहीत. तापलेल्या पृष्ठभागावर हवेतील प्राणवायूमुळे गंजाचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. पाण्यावर सांडलेल्या डिझेलच्या थरात रंग दिसतात, तसाच हा प्रकार. म्हणून पात पूर्ण निवली तरी हा रंग जात नाही. भट्टीतली लाली आत्ताची उष्णता सांगते, तर हा निळा-जांभळा रंग होऊन गेलेली उष्णता सांगतो.

याचा उपयोग लोहारापेक्षा तुम्हालाच जास्त आहे. हल्ली घरोघरी विजेचे ग्राइंडर आले. कापणीच्या घाईत विळा दाबून धरला जातो, ठिणग्या उडतात, धार चकचकीत होते आणि काठावर एक निळी रेघ उमटते. पुष्कळांना ती पोलाद चांगले असल्याची खूण वाटते. प्रत्यक्षात ती रेघ सांगते की काठ ३०० अंशांपर्यंत तापला आणि त्या ठिकाणचे पाणी उतरले. आता ती धार एक दिवसही टिकणार नाही. निळी रेघ दिसलीच तर तेवढा भाग हळूहळू घासून काढून टाकावा लागतो. म्हणून जवळ पाण्याचे टोपले ठेवा, दोन-तीन वेळा टेकवले की बुडवा, आणि पात बोटाला चटका देईपर्यंत तापू देऊ नका. रोटाव्हेटरचे वाकलेले पाते गॅसने लाल करून सरळ करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. पाते सरळ होते, पण कारखान्यात दिलेले पाणी जाते आणि ते मऊ लोखंडासारखे झिजते. मळणी यंत्राचा किंवा पंपाचा बेअरिंग उघडल्यावर गोळ्या निळ्या-तपकिरी झालेल्या दिसल्या तर नुसते ग्रीस भरून तो परत बसवू नका. तो आतून जळून गेलेला आहे, बदलणेच स्वस्त पडते.

जाता जाता बंडीच्या चाकाची धाव चढवण्याचे आठवले. आता रबरी टायर आल्याने हे काम दुर्मिळ झाले, पण वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. साडेचार फूट व्यासाच्या चाकाची धाव ५०० अंशांनी तापवली तर घेर सुमारे एक इंचाने वाढतो. तेवढे वाढणे पुरते. म्हणजे धाव लालभडक करण्याची गरज नाही, अंधुक लाली दिसली की काम झाले. जास्त तापवली तर लाकूडच जळते.

विटांचे रंगही याच जातीचे, होऊन गेलेल्या उष्णतेचे. भट्टीच्या बाहेरच्या थरातील वीट फिकट राहिली तर ती कमी भाजली, दोन विटा आपटल्यावर खणखणीत आवाज येत नाही. मधल्या थरातील वीट तांबडी होते, कारण मातीतील लोहाला उष्णता आणि हवा दोन्ही मिळतात. जिथे फार धग लागली तिथे वीट वितळू लागते आणि काळपट, वेडीवाकडी झामा वीट मिळते. मात्र विटेचा रंग केवळ धगीवर नाही, मातीतील लोहावर आणि भट्टीत खेळणाऱ्या हवेवरही अवलंबून असतो. त्यामुळे एका गावच्या विटेच्या रंगाशी दुसऱ्या गावच्या विटेची तुलना करू नये. रंगाबरोबर आवाजही पाहावा.

उन्हात ठेवलेली वस्तू

आता भट्टी सोडून अंगणात येऊ. इथे रंगाचा अर्थच पालटतो. अंगणातील काळे घमेले काळे आहे म्हणून गरम आहे असे नाही, आणि पांढरी भिंत पांढरी आहे म्हणून तेराशे अंशांवर नाही हे तर उघडच आहे. इथे वस्तू स्वतः उजळत नाही. सूर्याचा जो प्रकाश ती परत फेकते तोच तिचा रंग. काळी वस्तू जवळजवळ सर्व प्रकाश गिळते, पांढरी बहुतेक परत करते. मे महिन्याच्या दुपारी एक मीटर लांब-रुंद जागेवर सूर्याची सुमारे १००० वॅट शक्ती पडते, म्हणजे एक इस्त्री सतत चालू ठेवावी तेवढी. काळा रंग त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक ठेवून घेतो. नुकता दिलेला चांगला चुना साधारण वीस टक्केच ठेवतो. आता इस्त्रीवर काय ठेवायचे हे आपण ठरवायचे.

मी हे बियाण्याच्या कोठीसाठी सांगतो आहे. आपल्याकडे पूर्वी धान बांबूच्या, शेणामातीने सारवलेल्या ढोलीत आणि घरातल्या थंड कोपऱ्यात राही. आता पत्र्याच्या कोठ्या आल्या. त्या उंदरांपासून उत्तम रक्षण करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात जागा नसली की कोठी पडवीत किंवा अंगणात येते, गंजू नये म्हणून तिला गडद हिरवा किंवा काळा रंग दिला जातो, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारभर तिच्यावर ऊन येते. मी स्वतः एका वर्षी हेच केले होते. घरचे चांगले निवडलेले धान, वाळवणही नीट केलेले. जूनमध्ये पेरले तर पऱ्हे विरळ निघाले. दोष मी पावसाला दिला, बियाणे प्रक्रियेच्या औषधाला दिला. कोठीच्या रंगाकडे माझे लक्ष दुसऱ्या उन्हाळ्यात गेले, दुपारी तीन वाजता कोठीला हात लावला तेव्हा.

बियाणे जिवंत असते आणि उष्णतेने ते लवकर म्हातारे होते. बीजशास्त्रात एक ठोकताळा आहे. साठवणुकीचे तापमान ५ अंशांनी वाढले की बियाण्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने वाढला तरी तेवढाच परिणाम होतो. सावलीतील कोठी आणि उन्हातील काळी कोठी यांच्या पत्र्याजवळच्या थरात ५ अंशांपेक्षा कितीतरी अधिक फरक पडतो. शिवाय दिवसा पत्रा तापतो आणि रात्री निवतो. त्यामुळे दाण्यांतली ओल आतल्या आत सरकत जाते आणि थंड झालेल्या पत्र्याला, विशेषतः झाकणाखाली, दवासारखी जमते. तिथेच प्रथम बुरशी येते. वरचा थर कुबट लागला तर दोष झाकणाला देऊ नका.

तेव्हा बियाण्याची कोठी घरातच ठेवावी. नाइलाज असेल तर तिच्यावर तणशीचे छप्पर करावे आणि बाहेरून पांढरा ऑइलपेंट द्यावा. पत्र्यावर मीठ घातलेला चुना लावू नका, पत्रा लवकर खराब होतो. चुना मातीच्या भिंतींसाठी आणि सिमेंटच्या स्लॅबसाठी ठेवा. धान १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा येईपर्यंत वाळवून आणि संध्याकाळी निवू देऊनच भरावे. उन्हातून उचललेले गरम धान कोठीत भरले तर बाहेर पांढरा रंग देऊन काय उपयोग? पेरणीच्या तीन आठवडे आधी शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळा आणि आठवड्याभरानंतर उगवलेले मोजा. प्रमाणित धान बियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते. तुमचे ८० च्या खाली आले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे की बियाणेच बदलायचे हे ठरवायला तेवढा वेळ हातात राहतो.

काही जण विचारतात, नवा चकचकीत जस्ती पत्रा तर आरशासारखा प्रकाश परत फेकतो, मग त्याला पांढरा रंग कशाला? प्रश्न चांगला आहे. पत्रा प्रकाश बराच परत करतो हे खरे, पण जी उष्णता त्याने घेतली ती तो किरणांच्या रूपाने बाहेर टाकत नाही. चकचकीत धातूचा हा स्वभावच आहे. चुना किंवा पांढरा रंग मात्र कमी घेतो आणि घेतलेली उष्णता अवरक्त किरणांनी भराभर टाकून देतो. म्हणून दुपारी उघड्या पत्र्यापेक्षा पांढरा रंगवलेला पत्रा थंड लागतो. गुरांच्या गोठ्याच्या छपरासाठी हे करून पाहण्यासारखे आहे. दुभत्या जनावराला उन्हाळ्यात धाप लागली की दूध घटते.

यातच आणखी एक गोष्ट येते. रात्री काळा आणि पांढरा रंग असा भेद राहत नाही. अवरक्त किरणांच्या बाबतीत चुना, माती, पाने, काळा रंग सगळे जवळपास सारखेच वागतात. त्यामुळे काळी टाकी रात्री लवकर निवेल किंवा पांढरी टाकी ऊब धरेल असे मानू नका. २०२० मध्ये करोनाच्या वेळी कपाळावर रोखण्याचे तापमापक आपण सर्वांनी पाहिले. ते हेच न दिसणारे किरण मोजतात, म्हणून गोरा माणूस आणि काळा माणूस यांचा ताप त्यावर सारखाच येतो. मात्र ते यंत्र चकचकीत पत्र्यावर रोखाल तर खोटा आकडा दाखवील. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखा.

आणखी एक सावधगिरी. डोळ्यांना दिसणारा रंग ही उन्हाची अर्धीच हकीकत आहे. सूर्याची जवळपास निम्मी उष्णता अवरक्त किरणांतून येते आणि ते आपल्याला दिसत नाहीत. धानाचे पान आणि हिरवा रंगवलेला पत्रा सारखे हिरवे दिसतात, पण पान अवरक्त किरणांचा मोठा भाग परत फेकते आणि शिवाय पाणी बाष्परूपाने सोडून स्वतःला थंड ठेवते. पत्रा यापैकी दुसरे करू शकत नाही आणि पहिलेही क्वचितच करतो. मातीचेही असेच. काळी कन्हार मुरमाड बरडीपेक्षा जास्त ऊन गिळते, पण ती ओल धरते आणि ओल तापवायला पुष्कळ उष्णता लागते. म्हणून ओली काळी जमीन कोरड्या फिकट जमिनीपेक्षा सावकाश तापते. नुसत्या रंगावरून जमिनीची उष्णता ठरवणारा इथे फसतो.

प्लॅस्टिक कोणते वापरावे

बाघ प्रकल्पाचे पाणी मिळते त्या भागात उन्हाळी धानाचे पऱ्हे ऐन थंडीत, डिसेंबर-जानेवारीत टाकावे लागतात. थंडीने पऱ्हे पिवळे पडतात आणि वाढ खुंटते. अशा वेळी काळे प्लॅस्टिक टाकावे की पारदर्शक, असा प्रश्न येतो. काळे जास्त तापते म्हणून काळे, असे उत्तर सहज तोंडावर येते. पण काळे प्लॅस्टिक स्वतः तापते आणि बरीचशी उष्णता वरच्या हवेला देऊन टाकते. पारदर्शक प्लॅस्टिक ऊन आत जाऊ देते, त्यामुळे खालची माती तापते आणि ऊब आत अडकते. पऱ्ह्यांना उजेडही हवाच. म्हणून रात्री पारदर्शक प्लॅस्टिक बांबूच्या कमानींवर झाकावे, दुपारी कडा उघडाव्यात. संध्याकाळी पाणी भरून सकाळी थंड पाणी काढून टाकण्याची जुनी पद्धतही तितकीच कामाची आहे.

मे महिन्यात भाजीपाल्याची रोपवाटिका ऊन देऊन निर्जंतुक करायची असेल तेव्हाही पारदर्शकच, जमीन ओली करून आणि कडा मातीने घट्ट दाबून चार ते सहा आठवडे ठेवावे. मिरची-वांग्याच्या वाफ्यात तण दाबायचे असेल तर काळे चालते, पण उन्हाळी लागवडीत मुळांना चटका बसतो. तिथे चंदेरी-काळे घ्या आणि चंदेरी बाजू वर ठेवा. ऊन परत जाते, जमीन थंड राहते आणि परतलेल्या उजेडाने मावा, फुलकिडे व पांढरी माशी बुजतात. बाजू उलटी टाकलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे. पैसे चंदेरीचे आणि काम काळ्याचे.

फळझाडांच्या खोडाला चुना लावतात तोही उन्हासाठी. नैऋत्येकडून येणाऱ्या तिसऱ्या प्रहरच्या उन्हाने संत्र्या-लिंबाची साल भाजते, तडकते आणि तिथून रोग शिरतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट बुंध्याला लावतात ती निळसर दिसते. तिचे मुख्य काम बुरशी रोखणे आहे. दोन्हींची कामे वेगळी आहेत हे विसरू नये.

नक्षत्रे आणि दिवे

आपण पेरणी नक्षत्रांवर ठरवणारी माणसे, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारीच्या रात्री आकाशात मृग पाहा. त्याच्या खांद्याशी आर्द्रेचा तारा तांबूस आहे आणि शेजारी रोहिणी नारिंगी. मृगाच्या पायाकडचा तेजस्वी तारा मात्र निळसर पांढरा आहे. पुढे वैशाखात डोक्यावर येणारी चित्राही निळसर पांढरी. तारे भट्टीतल्या लोखंडासारखे स्वतः उजळतात, म्हणून लोहाराचाच नियम तिथे चालतो. तांबूस आर्द्रा सुमारे ३,२०० अंश, रोहिणी ३,६०० च्या आसपास, आपला सूर्य ५,५०० आणि चित्रा २०,००० च्या वर. म्हणजे निळा सर्वांत गरम. ताऱ्याचे तापमान आणि त्याच्या प्रकाशातील रेषा यांचा मेळ घालणारे समीकरण १९२० साली आपल्याच मेघनाद साहांनी दिले. त्याच आकाशात मंगळही तांबडा दिसतो, पण तो तारा नाही. तो सूर्याचा उजेड परत फेकतो आणि त्याची लाली आपल्या बरडीतल्या मुरमासारखी गंजलेल्या लोहाची आहे. तिथले सरासरी तापमान शून्याखाली ६० अंशांच्या आसपास असते.

दुकानातल्या दिव्याच्या खोक्यावर २७०० किंवा ६५०० केल्व्हिन असे लिहिलेले असते. तेही हेच. केल्व्हिनमधून २७३ वजा केले की सेल्सिअस येते. एवढी तापलेली वस्तू ज्या रंगाने उजळेल त्या रंगाचा हा दिवा, एवढाच त्याचा अर्थ. दिवा तेवढा तापत नाही. आकडा मोठा तसा उजेड निळसर, आणि आपण त्यालाच थंड उजेड म्हणतो.

दूरदर्शनवर दिसणाऱ्या ढगांच्या चित्रांबाबतही विचारणा होते. इन्सॅट-३डी (२०१३), ३डीआर (२०१६) आणि ३डीएस (२०२४) या उपग्रहांनी घेतलेल्या अवरक्त चित्रांत ढग जितका पांढरा तितके त्याचे माथे थंड, म्हणजेच तितके उंच. हे रंग माणसाने ठरवून भरलेले असतात. मोबाइलवरच्या नकाशात तालुका लालभडक दिसला म्हणून घाबरू नका, शेजारची अंशांची पट्टी आधी वाचा.

शेवटी, सभा सुरू होण्यापूर्वी एका शेतकरी बंधूंनी विचारले होते की बोअरचा काळा पाइप दुपारी तापतो आणि पहिले पाणी रोपांना पोळते, मग पांढरा पाइप घ्यावा का? पाइप काळा असतो तो त्यात मिसळलेल्या काजळीमुळे, आणि तीच काजळी प्लॅस्टिकचे उन्हापासून रक्षण करते. त्यामुळे उघड्यावर टाकायच्या पाइपाचा रंग बदलण्याच्या नादी लागू नका. जमेल तिथे तो जमिनीत हातभर खोल घाला. नाही जमले तर त्याच्यावर तणस पसरा. आणि दुपारी पाणी द्यावेच लागले तर पहिले पाणी धुऱ्याकडे सोडा, हाताला गार लागले की मग नळी पऱ्ह्यांत न्या.